अनुभव धागा: एआरटी मध्येच सुटते तेव्हा

एचआयव्हीच्या गोळ्या, म्हणजे एआरटी, सरकारी केंद्रांत २००४ पासून मोफत आहेत. २०१७ पासून तर सीडी-४ (रक्तातल्या प्रतिकार पेशींचा आकडा) कितीही असो, निदान झालं की उपचार सुरू. तरीही आपल्या रजिस्टरात काही नावांपुढे 'एलएफयू', म्हणजे उपचारातून गळालेले, लिहावं लागतंच. ही माणसं का गळतात, परत येतात ती कशामुळे? केंद्रावर, लॅबमध्ये, फिल्डवर असाल तर लिहा. पेशंट ओळखू येईल असं काही नको.

समुपदेशक, मराठवाडा
आमच्याकडे गळती दिवाळीनंतर लागते. टोळ्या उसाला जातात. एका बाईंनी परत आल्यावर बाटली टेबलावर ठेवली. लेबल नखानं खरवडलेलं, आत कापूस कोंबलेला. म्हणाल्या, "ताई, कोपीत सहा माणसं झोपतात. बाटली वाजली की विचारतात, कशाच्या गोळ्या?" कापूस घालून त्यांनी होत्या तेवढ्या गोळ्या घेतल्या. संपल्यावर दुसऱ्या जिल्ह्यातलं केंद्र गाठायचं तर दिवसाचा खाडा, आणि खाड्याचे पैसे मुकादम उचलीतून कापणार. हिला निष्काळजी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आता सप्टेंबरातच विचारते, "यंदा कारखाना कुठला?" तिथल्या जवळच्या केंद्राची चिठ्ठी आणि जास्तीच्या गोळ्या आधीच देऊन ठेवते.

स्टाफ नर्स
रिपोर्टवर 'विषाणू आढळला नाही' वाचून एक दादा सात महिने आलेच नाहीत. त्यांना वाटलं, बरे झालो. हा दोष त्यांचा नाही. विषाणू गोळीमुळे दबलाय, गेलेला नाही, हे रिपोर्ट हातात देतानाच सांगायला हवं होतं.

फिल्डवर काम करतो
पत्ते खोटे, फोन बंद. गाडी दोन गल्ल्या अलीकडे लावून चालत जातो. शेजारीण विचारते, "कोण तुम्ही?" तिथं एक शब्द चुकला तर त्या घराचं गावात राहणं अवघड होतं. एकदा सुनेसाठी गेलो, दारात सासरे उभे. पाणी मागितलं, प्यालो आणि परत फिरलो. चार दिवसांनी तिनंच माहेरून फोन केला.

वैद्यकीय अधिकारी
एक बाई चौदा महिन्यांनी आल्या, वजन ३४ किलो, सोबत टीबी. आधी टीबीची औषधं, दोन आठवड्यांनी पुन्हा एआरटी, डोल्युटेग्राव्हिर या एचआयव्हीच्या औषधाची जादा गोळी, सगळं रुळावर आलं. मग विचारलं, "इतके दिवस का नाही आलात?" म्हणाल्या, "मागं चार गोळ्या उरल्या होत्या तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर ओरडला होता." मला तो दिवस आठवतही नव्हता. त्यांना मात्र मी काय बोललो ते शब्द न् शब्द पाठ होतं. तेव्हापासून उरलेल्या गोळ्या मी दार लोटून मोजतो, आणि उशिरा आलेल्याला आधी खुर्ची देतो.