नाव समेवर आणा, चाल नंतर बघा

दुकानाच्या रेडिओ जिंगलबद्दल "चाल गोड असली की झालं" असं म्हणतात, ते मत अर्धंच पटतं. चाल गुणगुणतात आणि दुकानाचं नाव विसरतात अशा जिंगल ढिगाने आहेत. नाव समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर (ठोक्यावर), पडायला हवं आणि बोलताना येतं तसंच गाण्यात यायला हवं. पुण्यातल्या बाजाराचं 'तुळशीबाग' हे नाव घ्या. आपण म्हणतो तुळ्-शी-बाग. ताण द्यायचा तो 'बा'वर, 'ग' पटकन मिटायचा. शेवटचा 'ग' लांबवला की ऐकणाऱ्याला 'तुळशीबागा' ऐकू येतं.

दुसरं म्हणजे लयीचा हिशेब. जाहिरातीचा 10 सेकंदांचा स्लॉट, मिनिटाला 120 मात्रा धरल्या तर 20 मात्रा, म्हणजे आठ मात्रांच्या केरवा तालाची अडीच आवर्तनं (फेऱ्या). मग शेवट लटकतो, एडिटर कात्री लावतो आणि कापलं जातं नेमकं नाव. लय 104 ठेवली तर दोन आवर्तनं सव्वानऊ सेकंदांत बसतात, उरलेला पाऊण सेकंद शेवटच्या स्वराची आस (मागे रेंगाळणारा नाद) विरायला मिळतो. नाव दुसऱ्या आवर्तनाच्या समेवर ठेवावं. फोन नंबर गाऊ नयेच, रिक्षात बसलेला माणूस तो लिहून घेत नाही. 'शनिपाराजवळ' एवढं पुरतं.

मिक्स मोठ्या स्पीकरवर पास करू नका. मोनो करून (डावा-उजवा आवाज एकत्र करून) मोबाइलच्या स्पीकरवर ऐका: बेस गायब होतो, स्टिरिओत उलट्या फेजने (एका बाजूची ध्वनिलहर उलटी करून) पसरवलेला कोरस तर जवळजवळ पुसलाच जातो. आणि एफएमला प्रक्षेपणाआधी वरच्या पट्ट्या (तीक्ष्ण, उंच आवाज) उचलल्या जातात, त्यामुळे 'सदाशिव', 'शनिवार' अशा पेठांच्या नावांमधले स-श आधीच डी-एसरने (स-शचा सणसणाट कमी करणाऱ्या साधनाने) दाबलेले बरे.