रक्त न काढता मलेरिया तपासणारा चिमटा घ्यावा का?

खाडीकाठ: देवगडकडे हापूसच्या बागांतले राखणदार आणि बंदरावरचे खलाशी सुई दिसली की पसार होतात. युगांडाच्या 'मटिबाबू'ला 2018 मध्ये आफ्रिका प्राइझ मिळालं. बोटाला चिमटा, प्रकाशाने निदान. असं काही मागवावं का? की ऑक्सिमीटरवरच जमेल?

तरंगलांबी: ऑक्सिमीटर विसरा. तो 660 आणि 940 नॅनोमीटरवर अख्ख्या रक्ताचं शोषण मोजतो. आपल्याला हवं हिमोझोइन, म्हणजे परजीवी हिमोग्लोबिन खाऊन मागे टाकतो ते स्फटिक. मायक्रोलिटरला 500 परजीवी म्हणजे दहा हजार लाल पेशींत जेमतेम एक बाधित. बोट जरा हललं तरी एवढा फरक बुडतो.

त्यातल्या त्यात जमण्यासारखं फोटोअकूस्टिक. हातावरच्या शिरेवर 1064 नॅनोमीटर लेझरचे स्पंद सोडायचे. हिमोझोइन तापून फुगतं आणि तो बारीक आवाज अल्ट्रासाउंड प्रोब टिपतो. या तरंगलांबीला त्वचेतलं मेलॅनिन कमी आड येतं. 'सायटोफोन' कॅमेरूनमध्ये रुग्णांवर वापरून पाहिलाय. अडचण फॅल्सिपेरमची, म्हणजे मलेरिया परजीवीच्या जास्त घातक जातीची. कोवळ्या रिंगमध्ये (अंगठीसारख्या दिसणाऱ्या नव्या परजीवीत) हिमोझोइन नसल्यात जमा, आणि वाढलेले परजीवी बारीक वाहिन्यांच्या भिंतींना चिकटतात, शिरेत फिरकतच नाहीत. म्हणजे नेमका धोक्याचा पेशंट सुटायचा.

काचपट्टी: शिवाय परजीवीची जात कळायला हवी. व्हायव्हॅक्स या दुसऱ्या जातीला प्रायमाक्विन हे औषध 14 दिवस, फॅल्सिपेरमला एसीटीबरोबर (आर्टेमिसिनिन असलेली औषधजोडी) त्याचा एकच डोस. तेव्हा सुई आहेच. बोटाच्या कडेला टोचा, कमी दुखतं. स्पिरिट पूर्ण वाळू द्या, पहिला थेंब पुसून टाका. जाडा स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा थर) एवढाच जाड, की खाली वर्तमानपत्र धरलं तर अक्षरं वाचता यावीत. जुलैत तो वाळता वाळत नाही, मग कोणीतरी बल्बखाली धरतं. तापलं की रक्त काचेवर पक्कं होतं, हिमोग्लोबिन धुऊन निघत नाही आणि मायक्रोस्कोपखाली नुसता राडा दिसतो. पंखा लावा. मिथेनॉल फक्त पातळ स्मिअरला.

खाडीकाठ: बागेत मग आरडीटीच (कार्डावरची झटपट तपासणी) नेतो. नुकतंच औषध झालेल्यांचं काय?

काचपट्टी: त्यांचा स्मिअरच. कार्डावर एचआरपी-2 ची (फॅल्सिपेरमच्या प्रथिनाची) रेघ उपचारानंतरही काही आठवडे उमटते. कार्डाचं पाकीट ऐन वेळी फोडा, आपल्या दमट हवेत पट्टी बिघडते. आणि निगेटिव्ह येऊनही ताप असेल तर लेप्टो बघा. दोडामार्गकडचा माणूस असला तर माकडतापही.