न मागता मदतीला धावणारं सॉफ्टवेअर: चिडचिड नेमकी कशाची?

प्रश्न
मित्राचे वडील गेले. त्याला सांत्वनाचा मेल लिहीत होते. दोन ओळी झाल्या आणि थांबले. तेवढ्यात कडेला मेलमधल्या लेखन-सहायकाची चौकट उगवली: "मजकूर अधिक उत्साही करू?" बंद केली. तिसऱ्या ओळीला पुन्हा हजर! शेवटी मेल वहीत लिहिला आणि मग टाइप केला.

गंमत म्हणजे दुसऱ्या दिवशी लांबलेला अहवाल मीच होऊन त्या सहायकाला आटोपशीर करायला दिला. बरा केला त्याने, रागही आला नाही. मग न विचारता आला की एवढा का खुपतो? तुमचंही असंच होतं का?

उत्तर १
हे दुखणं जुनं आहे. मायक्रोसॉफ्ट ऑफिस ९७ मधला क्लिपी, तो पडद्यावरचा कागदी क्लिपच्या रूपातला मदतनीस, आठवतो? 'डिअर' लिहिलं की पत्राला मदत करू का म्हणून डोळे मिचकावायचा. त्यामागे मायक्रोसॉफ्टमधल्या एरिक हॉर्विट्झ यांच्या गटाचं 'लुमिएर' हे संशोधन होतं. काम करता करता माणूस अचानक थांबला, तर तो अडला असावा, असा एक संकेत त्यात धरला होता. मूळ नमुन्यात वापरणाऱ्याचं कौशल्य किती याची नोंदही राहायची. बाजारात आलेल्या आवृत्तीत तीच गाळली. मग शंभराव्या पत्रालाही पहिल्यासारखीच विचारपूस! २००१ च्या आवृत्तीत तो आपोआप समोर येणं बंद झालं, २००७ च्या आवृत्तीत कायमचा गेला.

उत्तर २
मी प्रोग्रामर. कोड लिहिताना पुढे करड्या अक्षरांत सूचना येते ती मला चालते. टॅब दाबला तर घेतली, लिहीत राहिलो तर गेली. नकार द्यायला हात उचलावा लागत नाही. चौकट मात्र उत्तर मागते. अर्थात करडी अक्षरंही निरुपद्रवी नाहीत. ती वाचली की माझ्या डोक्यातली ओळ कधीकधी पुसली जाते.

उत्तर ३
मला तर मागे उभं राहून कोणी वाचतंय असं वाटतं. सूचना बरोबर निघाली तर जास्तच.

प्रश्नकर्ती
उत्तर १ मधलं थांबण्याचं वाचून चपापले. मी अडले नव्हते हो. काका आम्हाला दारापर्यंत सोडायला यायचे, ते लिहावं की नको, एवढाच विचार चालला होता. आपोआप येणाऱ्या सूचना आज बंद केल्या. विचारायचं बटण ठेवलंय.