कूलंटमध्ये ऑइल आलंय, मेकॅनिक थेट इंजिनचं हेड खोलायचं म्हणतोय. आधी काय तपासून घेऊ?

नमस्कार मंडळी,

गाडी 2013 ची डिझेल सेडान, 1.3 लिटर, मॅन्युअल गिअर. रनिंग एक लाख चाळीसच्या पुढे. वापर बहुतेक साताऱ्यातल्या साताऱ्यात, अधूनमधून पुणे.

वायपरचं पाणी भरायला बॉनेट उघडलं तर कूलंटच्या बाटलीत कडेने चॉकलेटी थर दिसला. झाकणाच्या आतून तर लोण्यासारखा गोळा चिकटलेला. चिमटीत घेऊन चोळला तर ओशट लागला. टिश्यू पेपरवर ठेवला, तर पाणी वाळून गेलं पण तेलाचा पारदर्शक डाग मागे राहिला. म्हणजे गंज किंवा साधा गाळ नाही, ऑइलच आहे असं मी धरून चालतोय.

बाकी गाडी एकदम ठीक. खंबाटकी घाट चढतानाही तापमानाचा काटा अर्ध्याच्या वर जात नाही. पांढरा धूर नाही, पिकअप तसाच आहे. डिपस्टिकवरचं ऑइल डिझेल गाडीचं असतं तसं काळं, त्यात दुधाळपणा नाही. ऑइलची पातळी मात्र थोडी उतरली आहे.

गॅरेजवाल्याने बाटलीत एक नजर टाकली आणि सांगितलं, "हेड गॅस्केट गेलंय, हेड खोलावं लागेल, फेसिंग करावं लागेल." (हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग, हेड गॅस्केट म्हणजे त्याच्या आणि खालच्या ब्लॉकच्या मधलं सील, फेसिंग म्हणजे हेडचा तळ घासून सपाट करणं.) एकही टेस्ट केलेली नाही. खर्चाचा आकडा ऐकून गाडी तिथून परत आणली. हेड न उघडता नेमकं कुठून ऑइल येतंय हे कळण्याचा काही मार्ग आहे का? आणि तोवर गाडी चालवू का?

प्रतिसाद

चालवू नका. काटा जागेवर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. तो गाळ रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसला की पुढच्या घाटात काटा चढेलच. शिवाय ऑइलने रबरी होज (कूलंटच्या नळ्या) फुगतात आणि मऊ पडतात. वरचा होज गाडी थंड असताना दाबून बघा.

तुमच्या वर्णनात कामाची गोष्ट एकच: ऑइल कूलंटमध्ये गेलंय, कूलंट ऑइलमध्ये आलेलं नाही. चालू इंजिनात ऑइलचं प्रेशर कूलंटपेक्षा बरंच जास्त असतं, त्यामुळे दोघांमधली भिंत फुटली की ऑइलच पाण्याकडे ढकललं जातं. ही भिंत सगळ्यात पातळ असते ती ऑइल कूलरमध्ये, म्हणजे कूलंटने ऑइल थंड करणाऱ्या भागात. तुमच्या गाडीत तो बहुधा ऑइल फिल्टरच्या हाउसिंगला लागून असेल. माझा पहिला संशय त्याच्यावर. गाडी ऑटोमॅटिक असती तर गिअर ऑइलचा कूलरही बघावा लागला असता, कारण तो बऱ्याच गाड्यांत रेडिएटरच्या आतच असतो. तुमचा तो प्रश्न नाही.

प्रतिसाद

कूलरबद्दल सहमत, पण हेड गॅस्केटला इतक्यात निर्दोष सोडू नका. आधी ब्लॉक टेस्ट करून घ्या. बाटलीच्या तोंडावर नळी बसवून वरची हवा निळ्या द्रवातून ओढतात. सिलिंडरमधला गॅस पाण्यात येत असेल तर निळा रंग हिरवट-पिवळट होतो. बाटलीतलं पाणी आधी थोडं कमी करायला सांगा, नाहीतर तेलकट कूलंट नळीत ओढलं जाऊन टेस्ट वाया जाते.

मात्र ही टेस्ट चांगली आली म्हणून गॅस्केट चांगलं असं नाही. हेडकडे जाणारी प्रेशरच्या ऑइलची वाट आणि शेजारची पाण्याची वाट, एवढ्याच पट्टीत गॅस्केट फुटलं तर सिलिंडरला धक्काही लागत नाही. कंप्रेशन (सिलिंडरमधला दाब) बरोबर, धूर नाही, निळा द्रव निळाच. म्हणून कूलर सोडवून तपासल्याशिवाय निकाल देऊ नका. कूलर काढला की त्याच्या ऑइलच्या बाजूने हवा भरायची, दुसरं तोंड बंद करायचं आणि गरम पाण्यात बुडवायचा. थंड पाण्यात काही वेळा बारीक चीर दिसत नाही. बुडबुडे आले की चोर सापडला.

प्रतिसाद

ऑइल फिलरच्या झाकणाखाली पिवळट फेस दिसला तर घाबरू नका. पावसाळ्यात, तेही गावातल्या गावात छोट्या फेऱ्या असतील तर वाफ धरून तसा फेस येतो. एवढ्या पुराव्यावर हेड उतरवलेली गाडी मी बघितली आहे.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. दुसऱ्या गॅरेजमध्ये टो करून नेली. ब्लॉक टेस्टमध्ये रंग बदलला नाही. कूलर काढून कोमट पाण्यात हवा भरली तेव्हा काही नाही, मग पाणी चांगलं तापवल्यावर एका कोपऱ्यातून बारीक बुडबुड्यांची माळ सुरू झाली. नवीन कूलर, ओ-रिंग आणि गॅस्केट मागवलंय. आता आतला गाळ कसा काढायचा? इथला पोरगा डिझेल टाकून धुऊया म्हणतोय.

प्रतिसाद

डिझेल, रॉकेल अजिबात नको, उरलेसुरले होजही जातील. भांड्याचा साबणही नको, फेस होऊन आत हवा अडकते. नवीन कूलर बसल्यावरच धुवायला घ्या. कूलिंग सिस्टिमचा कमी फेसाचा क्लीनर टाका, हीटर फुल गरमवर ठेवा आणि थर्मोस्टॅट (कूलंट तापलं की रेडिएटरकडची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) उघडेपर्यंत इंजिन चालवा. खालचा होज तापला की उघडला समजायचं. मग इंजिन पूर्ण थंड होऊ द्या आणि त्यानंतरच झाकण उघडून पाणी सोडा. पाणी नितळ येईपर्यंत हेच परत परत. एका फेरीत होत नाही, गॅरेजवाला कंटाळेल, तुम्ही उभे राहा. बाटली काढून वेगळी धुवा. झाकण आणि फुगलेले होज बदलाच. ऑइल आणि फिल्टरही याच वेळी बदला, इंजिन बंद झाल्यावर थोडं कूलंट उलट्या दिशेने ऑइलमध्ये गेलं असू शकतं. शेवटी बोअरचं पाणी नको, डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं. नंतर काही दिवस गाडी थंड असताना बाटली बघत राहा. पहिल्या आठवड्यात थोडा तवंग येईल, तो जुना असतो. तो पुसून काढल्यावरही परत तेवढाच जमायला लागला तर मग हेडचा विचार करा.