जुन्या गाडीतून येणारे आवाज : तुमचे अनुभव सांगा

आज सकाळी खाली पार्किंगमध्ये कुणीतरी गाडी चालू केली आणि चहाचा कप हातातच राहिला. टिक टिक टिक टिक... अगदी आमच्या लाल गाडीचा आवाज!

2003 साली बाबांनी सेकंडहँड घेतली होती, 96 चं मॉडेल. बघायला गेलो तेव्हा मालकाने आधीच गरम करून ठेवलेली, लोण्यासारखी चालली. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी चालू केली तर शिवणयंत्र! पाच-सात मिनिटांनी आपोआप गप्प. एका गॅरेजात टॅपेट (इंजिनच्या व्हॉल्व्हची फट) सेट करून दिले, काही फरक नाही. दुसरीकडे म्हणाले, इंजिन खोलावं लागेल. आई दोन दिवस "मी सांगत होते" एवढंच बोलत होती.

शेवटी साताऱ्यात मामाच्या ओळखीचे एक म्हातारे मेस्त्री. त्यांनी गाडी रात्रभर ठेवूनच घेतली, "थंड इंजिन ऐकायचंय" म्हणाले. सकाळी लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला, टोक इंजिनवर, डॉक्टर छाती तपासतात तसं. मग मला सायलेन्सरच्या तोंडावर ओलं फडकं धरायला लावलं, क्षणभरच. आवाज वाढला! "इंजिन ठणठणीत आहे. मॅनिफोल्डचं गॅस्केट फुंकतंय." म्हणजे इंजिनातला धूर जिथून नळीत जातो, त्या जोडावरची पट्टी; सायलेन्सरचं तोंड दाबलं की धूर त्या फटीतूनच जोरात निघतो. गरम झाल्यावर धातू फुगतो, फट बुजते, म्हणून गप्प. साडेतीनशे रुपयांत काम झालं.

तुमचे किस्से येऊ द्यात.

घाटवेडा
आधी गरम करून ठेवलेली!!! माझ्याशी हाच खेळ झालाय. आता कुणाची गाडी बघायला गेलो की पहिला हात बॉनेटवर. गरम लागली तर "उद्या सकाळी येतो, तोवर चालू करू नका".

शेवंता
आमचं क्लचचं. न्यूट्रलमध्ये घरघर, क्लच दाबला की गायब. नवऱ्याला ऐकूच येईना कारण तो सिग्नलला क्लच दाबूनच बसतो. मी बसले की आवाज. "तू नीट चालवत नाहीस" हे सहा महिने ऐकलं. गिअरबॉक्सचं बेअरिंग निघालं. बिल त्याच्याच हातात दिलं. बाकी नंतर लिहिते, शिट्ट्या मोजायच्यात.

पाना_नंबर_10
@शेवंता, याच्या उलट असेल, म्हणजे क्लच दाबल्यावर आवाज, तर क्लचचं रिलीज बेअरिंग. सिग्नलला पाय क्लचवर ठेवून बसलं की तेच झिजतं. सांगा त्यांना.

शेवंता
सांगते कशाला, लिहून फ्रिजवर लावते.

मुक्काम_न्यू_जर्सी
इकडे थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने खालचे पत्रे गंजतात. माझ्या जुन्या गाडीत ठराविक वेगाला झणझणझण, डब्यात खिळे भरल्यासारखं. सायलेन्सरवरचा उष्णता अडवणारा पत्रा सुटलेला. मोठा क्लॅम्प आवळला, झालं. भारतात असतो तर तारेने बांधला असता.

नाशिककर_74
आमचा हसण्यासारखा नाही. भावाची डिझेल गाडी, आतून जड ठक ठक, रेस दिली की जोरात. ऑइलचा लाल दिवाही लागला होता. रात्र, बरोबर लहान मुलं, "घर जवळ आलंय" म्हणून कसारा चढलो. वर पोचेपर्यंत कनेक्टिंग रॉडचं (पिस्टनला जोडलेल्या दांड्याचं) बेअरिंग गेलं, क्रँक (इंजिनचा मुख्य फिरता दांडा) खरवडला. गाडी शेवटी भंगारातच दिली. भाऊ अजून तो विषय काढू देत नाही.

घाटवेडा
अरेरे. तो दिवा लागला की जागेवर बंद करायची हो, बाकी काही नाही. पण रात्री घाटात मुलं घेऊन कोण थांबतं, तेही खरंच.

पाना_नंबर_10
थोडं वेगळं. चार सिलिंडरची सवय असलेल्याला तीन सिलिंडरची गाडी उभ्या-उभ्या आजारीच वाटते. मारुती 800 चं 796 सीसी इंजिन तीन सिलिंडरचंच होतं, ती थरथर मूळचीच. लोक उगाच माउंटिंग (इंजिन ज्यावर बसतं ते रबर) बदलत बसतात. (माउंटिंग खरंच फाटलेलं असेल तर मात्र गिअर टाकताना धक्का बसतो.)

रत्नांग्री
पावसात सकाळी चीईईई, अख्खी वाडी जागी. शेजारचे अण्णा तांब्या घेऊन आले, चालू इंजिनच्या पट्ट्यावर थोडं पाणी शिंपडलं, चीईई थांबली. दोन मिनिटांत परत. "पट्टा नायतर पुली, आत काय नाय" म्हणाले. पट्टाच निघाला. तांब्या देवघरातला होता, त्यावरून अण्णांच्या घरी वेगळा आवाज झाला.

साताराप्रेमी
ते मेस्त्री साताऱ्यात कुठे? मला जायचंय पुढच्या आठवड्यात.

धागाकर्ती
अहो, ते गेले, दहा वर्षं झाली. तिथे आता मोबाईल कव्हरचं दुकान आहे.

साताराप्रेमी
ओह. मग कंदी पेढेच आणतो.

नवशिक्या_चालक
मदत हवी होती. मागच्या महिन्यात जुनी गाडी घेतली. ब्लोअर लावला की खुळखुळ येते, इंजिनच्या बाजूनेच. इंजिन गेलं का???

पाना_नंबर_10
गाडी बंद ठेवा, चावी अर्धी फिरवून नुसता ब्लोअर लावा. तरी येतोय?

नवशिक्या_चालक
हो येतोय

पाना_नंबर_10
मग इंजिनचा काही संबंध नाही. ग्लोव्ह बॉक्स काढून ब्लोअर बघा.

नवशिक्या_चालक
उघडलं. भुईमुगाच्या शेंगा. अर्धा किलो तरी असतील. उंदीर नाही सापडला.

शेवंता
तो डिकीत बघा. आमच्या वेळी तिकडे होता.