शब्दचर्चा: ‘न्यूक्लिअर रिसेप्टर’ला मराठीत काय म्हणावं?

दर्यापूरचे मास्तर: गावातल्या आरोग्य शिबिरासाठी मधुमेहावरचं पत्रक मराठीत करून देतोय. त्यात ‘न्यूक्लिअर रिसेप्टर’ला कोणीतरी ‘अणुग्राही’ लिहून ठेवलंय. सरपंच वाचून म्हणाले, “मास्तर, शुगरच्या गोळीत बॉम्ब काऊन टाकला जी?” नेमका शब्द सुचवा.

शब्दवेडी: अणू नकोच. इथला न्यूक्लिअस पेशीतला, म्हणजे केंद्रक. ‘केंद्रकीय ग्राही’ म्हणा. ‘ग्राहक’ नको, बाजार आठवतो.

औषधवाला: सोबत खुलासा हवा. ग्राही म्हणजे ठरावीक रेणू चिकटला की पेशीला कामाला लावणारं प्रथिन. इन्सुलिनचा ग्राही पेशीच्या पडद्यावर असतो, हे केंद्रकीय ग्राही आत असतात. स्निग्धाम्लं, थायरॉइडचं संप्रेरक, ड जीवनसत्त्वाचं कार्यक्षम रूप असे रेणू आत पोचून त्यांना चिकटले, की हे डीएनएला धरतात आणि कुठलं जनुक चालू, कुठलं बंद ते ठरतं. माणसात असे ४८ आहेत. त्यांतलाच एक, यकृतातला पीपीएआर-अल्फा, उपाशीपोटी चरबी जाळणारी जनुकं चालू करतो. एकादशीला खरंच उपाशी राहणाऱ्यांचं सांगतोय, साबुदाण्याची उसळ चापणाऱ्यांचं नाही!

दर्यापूरचे मास्तर: म्हणजे दारावरचा शिपाई नाही, आत बसून कोठीच्या किल्ल्या सांभाळणारा दिवाणजी.

औषधवाला: बरोबर. पायोग्लिटाझोन ही मधुमेहाची गोळी पीपीएआर-गॅमाला, म्हणजे त्याच्याच भावंडाला, चालना देते. मग चरबीच्या पेशी जास्तीची चरबी स्वतःत साठवतात, यकृत-स्नायूंवरचा भार हलका होतो आणि तिथं इन्सुलिन पुन्हा लागू पडतं. पण सगळं जनुकांमार्फत, म्हणून पूर्ण गुण यायला कित्येक आठवडे जातात. आमच्याकडं लोक चार दिवसांत “गोळी लागूच नाही पडून राह्यली” म्हणून सोडून देतात. दुसरी बाजूही लिहा: अंगात पाणी साठू शकतं. संध्याकाळी घोट्यावर बोट दाबलं की खड्डा तसाच राहतो, चपलेचा पट्टा रुततो. हृदय निकामी होत चाललेल्याला ही गोळी देत नाहीत.

दर्यापूरचे मास्तर: मधी बंदी आली होती ना इच्यावर?

औषधवाला: जून २०१३ मध्ये. पुढच्याच महिन्यात उठली, वेष्टनावर ठळक इशारा छापायच्या अटीवर.

शब्दवेडी: पीपीएआरचं लांबलचक नाव भाषांतरायच्या फंदात पडू नका. १९९० साली तो उंदरात सापडला. काही औषधांनी उंदराच्या यकृतात पेरॉक्सिझोम (पेशीतल्या चरबी जाळणाऱ्या बारक्या पिशव्या) वाढतात, त्यावरून ते नाव पडलं. माणसात तसं फारसं होतच नाही.

दर्यापूरचे मास्तर: मंग ‘पेशीच्या केंद्रकातला ग्राही’ असंच लिहितो, आन् सुजेचं वाक्य मोठ्या अक्षरात. डॉक्टरले न इचारता गोळी सोडू नका, हेही त्याच्याच खाली.