पिकअपचा ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) गेला आहे. भंगारातला जुना बसवून प्रोग्रॅम करून घ्यावा का?

हौदा_जुन्नर यांचा प्रश्न

नमस्कार. माझ्याकडे २०१८ सालची, बीएस-४ मानकाची डिझेल पिकअप असून नारायणगावच्या बाजारातून टोमॅटोचे क्रेट पुणे आणि साताऱ्याकडे पोहोचवणे हे तिचे रोजचे काम आहे. मागच्या पंधरवड्यात फाळक्याची बिजागरी तुटली, म्हणून गावातल्या वेल्डरकडून ती जोडून घेतली. त्या वेळी बॅटरीची तार काढून ठेवायला हवी होती, हे आम्हा दोघांपैकी कोणाच्याही ध्यानात आले नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे सेल्फ नेहमीसारखा फिरला, पण इंजिन चालू झाले नाही. स्कॅनर लावल्यावर पी ०६४२ हा कोड दिसला आणि मेकॅनिकने ईसीयू गेल्याचे सांगितले.

नवा ईसीयू घेण्याइतके पैसे ऐन हंगामात हाताशी नाहीत. एका विक्रेत्याने भंगारातल्या गाडीचा ईसीयू देऊ केला आहे. तो लावताच गाडी चालू होईल, शिवाय त्यातच ‘पॉवर फाइल’ टाकून आणि ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी झडप) बंद करून देतो, म्हणजे ओढ आणि ॲव्हरेज दोन्ही वाढेल, असे त्याचे म्हणणे आहे. माझा जुना ईसीयू मात्र त्याला बदल्यात द्यावा लागेल. हा व्यवहार करावा का, आणि केल्यास कोणते नंबर जुळवून पाहावेत, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

ईसीयू_बेंच_सांगली यांचे उत्तर

सर्वांत आधी एक विनंती करतो: तुमचा जुना ईसीयू कोणत्याही परिस्थितीत हातचा सोडू नका. तो बंद पडला असला तरी तुमच्या गाडीची ओळख त्याच्यातच आहे, आणि ती बहुतेक वेळा शाबूत काढता येते.

ईसीयू खरोखर गेला आहे का, हे अजून ठरलेले नाही. पी ०६४२ चा अर्थ एवढाच की सेन्सरना मिळणारा ५ व्होल्टचा पुरवठा कमी पडतो आहे. रेल प्रेशर सेन्सरचा (इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीतला दाब मोजणाऱ्या सेन्सरचा) कनेक्टर काढा, चावी ऑन करा आणि मल्टिमीटरने त्याच्या तीन तारांपैकी पुरवठ्याच्या तारेवर किती व्होल्ट येतात ते पाहा. तेथे ५ व्होल्ट नसतील, तर त्याच पुरवठ्यावरचे बाकीचे सेन्सर एकामागून एक सोडवत जा; एखादा काढताच ५ व्होल्ट परत आले, तर दोष त्या सेन्सरचा किंवा त्याच्या घासलेल्या तारेचा आहे, ईसीयूचा नाही. माझ्याकडे ‘मेलेले’ म्हणून आलेले कितीतरी ईसीयू चांगले निघाले आहेत आणि सायलेन्सरजवळ वितळलेली एखादी तार खरी दोषी ठरली आहे.

त्यानंतर बॅटरीची तार काढून स्कॅनरच्या सोळा पिनी सॉकेटमध्ये ६ आणि १४ या पिनांमधला रोध मोजा. कॅनच्या, म्हणजे गाडीतल्या कंट्रोलरना एकमेकांशी जोडणाऱ्या, दोन तारांच्या दोन्ही टोकांना प्रत्येकी १२० ओहमचा रोध असल्यामुळे तेथे सुमारे ६० ओहम दिसायला हवेत. १२० दिसले, तर एक टोक सुटले आहे, आणि बऱ्याच गाड्यांत ते टोक ईसीयूच्या आतच असते. इंजिन आणि चॅसिस यांना जोडणारी अर्थची पट्टीही नीट पाहा. वेल्डरने अर्थचा चिमटा जोडाजवळ न लावता पुढे बंपरला लावला असेल, तर वेल्डिंगचा करंट संपूर्ण चॅसिसमधून फिरतो आणि पट्टी गंजलेली असल्यास ईसीयूच्या बारीक अर्थ तारांतून वाट काढतो.

या तपासण्यांनंतरही ५ व्होल्ट मिळाले नाहीत, तर मात्र दोष ईसीयूतच आहे असे धरा.

आता भंगारातल्या ईसीयूबद्दल. त्यावरच्या लेबलचा फोटो मागवा. बॉशचा डिझेल ईसीयू असेल, तर ०२८१ पासून सुरू होणारा हार्डवेअर नंबर तुमच्या ईसीयूशी अंकन्अंक जुळला पाहिजे. बाहेरून पेटी आणि कनेक्टर हुबेहूब सारखे असूनही आतली रचना वेगळी असू शकते. नंबर जुळला तरी ‘लावा आणि चालवा’ हे खरे नाही, कारण चावीतली चिप, इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) आणि ईसीयू यांची जोडी ठरलेली असते. दुसऱ्या गाडीच्या ईसीयूला तुमची चावी परकी वाटते. इंजिन चालू होत नाही किंवा चालू होऊन लगेच बंद पडते.

योग्य पद्धत क्लोनिंगची आहे. जुन्या ईसीयूमधला मूळ प्रोग्रॅम, इंधनाचे नकाशे (कधी किती इंधन सोडायचे याचे तक्ते) आणि केवळ तुमच्या गाडीपुरता असलेला डेटा, म्हणजे इमोबिलायझर, चॅसिस नंबर आणि इंजेक्टरचे कोड, हे सर्व वाचून दुसऱ्यात जसेच्या तसे लिहायचे. बॉशच्या ईडीसी१६ या जुन्या पिढीच्या ईसीयूमध्ये हा डेटा आठ पायांच्या वेगळ्या मेमरी चिपमध्ये असे. त्यानंतरच्या ईडीसी१७ च्या अनेक प्रकारांत तो मुख्य प्रोसेसरच्या पोटातच असतो, त्यामुळे प्रोसेसर जिवंत असणे आवश्यक ठरते. ५ व्होल्टचा भाग जळला तरी प्रोसेसर बहुधा वाचलेला असतो, आणि पुष्कळदा तेवढाच भाग बदलून मूळ बोर्ड दुरुस्त होतो. मी तुमच्या जागी असतो तर पहिला प्रयत्न हाच केला असता.

इंजेक्टरच्या कोडबद्दल थोडे अधिक सांगतो, कारण येथेच सर्वाधिक हलगर्जीपणा होतो. प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर अक्षरे आणि अंक कोरलेले असतात. तो इंजेक्टर नेमून दिलेल्या मापापेक्षा किती कमी किंवा अधिक इंधन सोडतो, हे कारखान्यात मोजून त्या कोडमध्ये नोंदवलेले असते आणि ईसीयू त्यानुसार दुरुस्ती करतो. दुसऱ्या गाडीचे कोड तसेच राहिले, तर गाडी चालते, पण आयडलला थरथरते, ठोके देते आणि धूर टाकते. मग मालक चांगले इंजेक्टर बदलण्यात पैसे घालवतो. डिझेलने भिजवलेल्या फडक्याने डोकी पुसा आणि चारही कोडांचे फोटो सिलिंडरच्या क्रमाने काढून ठेवा.

लिहिण्याचे काम गाडीवरच होणार असेल, तर बॅटरीला स्थिर पुरवठा जोडल्याशिवाय सुरू करू देऊ नका. अर्ध्यावर व्होल्टेज पडले, तर चांगला ईसीयूही निकामी होतो.

तीनचाकी_ते_पिकअप यांचे उत्तर

मी तीन वर्षांपूर्वी जुना ईसीयू बदल्यात दिला होता. आलेल्या ईसीयूत इंजेक्टरचे कोड दुसऱ्याच गाडीचे होते आणि काही महिन्यांनी तो बंद पडला, तेव्हा वाचायला मूळ फाइलच उरली नव्हती. शेवटी नवाच घ्यावा लागला. वरच्या उत्तरातले पहिले वाक्य कृपया गांभीर्याने घ्या.

डिझेल_शिक्षक_नाशिक यांचे उत्तर

दुरुस्तीविषयी वर उत्तम माहिती आलेली आहे, म्हणून मी केवळ ‘पॉवर फाइल’ आणि ईजीआर यांविषयी लिहितो.

इंजेक्टरने किती इंधन सोडावे, हे ईसीयू केवळ ॲक्सिलरेटरवरून ठरवत नाही. आत आलेल्या हवेच्या प्रमाणात इंधनाला वरची मर्यादा घालणारा एक नकाशा असतो, तसेच टॉर्क, टर्बोचा दाब आणि रेल प्रेशर यांच्याही मर्यादा असतात. स्वस्तातली पॉवर फाइल म्हणजे बहुधा या मर्यादा सरसकट वर ढकलणे. हवा तेवढीच आणि इंधन अधिक, म्हणजे काळा धूर आणि एक्झॉस्टचे वाढलेले तापमान. मोटारीत ती अतिरिक्त ताकद ओव्हरटेक करताना काही सेकंद वापरली जाते; तुमची भरलेली पिकअप मात्र खंबाटकीचा घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, पाय पूर्ण दाबून, सलग चढते. टर्बो, पिस्टन आणि क्लच प्लेट यांची परीक्षा तेथे होते, आणि ती विक्रेत्याच्या दुकानापुढच्या चाचणीत होत नाही.

ईजीआर बंद केल्यास नायट्रोजनची ऑक्साइड वाढतात. पीयूसी केंद्रात डिझेल गाडीच्या धुराची घनता मोजली जाते, हे वायू मोजले जात नाहीत, म्हणून प्रमाणपत्र मिळाले की सर्व ठीक आहे असे समजू नये. तुमचे क्रेट भरणारी माणसे चालू गाडीच्या मागेच उभी असतात, याचा आपण विचार करावा असे मला मनापासून वाटते. कायद्याची बाजूही स्पष्ट आहे: मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीतील फेरफारांवर बंधन घालते, आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरफारासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. अमेरिकेत तर हा प्रश्न थेट इंजिन उत्पादकापर्यंत गेला. २०१३ ते २०१९ या मॉडेल वर्षांच्या राम पिकअपमधील डिझेल इंजिनांत प्रदूषण नियंत्रण चुकवणारे सॉफ्टवेअर असल्याच्या आरोपांत कमिन्स कंपनीने १.६७५ अब्ज डॉलरचा दंड भरण्याचे मान्य केले.

ईजीआर काजळीने अडकत असेल, तर तो उतरवून साफ करून घ्या; एका दुपारचे काम आहे.

हौदा_जुन्नर

सर्वांचे आभार. सांगितल्याप्रमाणे तपासले. अर्थची पट्टी एका टोकाला हिरवी पडून जवळजवळ तुटलेली होती, ती बदलली. ५ व्होल्टच्या जागी १.३ व्होल्ट येत होते आणि सगळे सेन्सर काढूनही ते वाढले नाहीत, म्हणून ईसीयू दुरुस्तीला नेला. तेथे उघडल्यावर वीजपुरवठ्याच्या भागात एका चिपखाली बोर्ड तपकिरी पडलेला मला स्वतःला दिसला. कारागिराने आधी माझ्यासमोर संपूर्ण मेमरी वाचून घेतली, फाइलची एक प्रत पेनड्राइव्हवर मला दिली आणि मगच ती चिप बदलली. चावी, चॅसिस नंबर, इंजेक्टरचे कोड, सगळे जसेच्या तसे राहिले. भंगारातला ईसीयू घेतला नाही आणि पॉवर फाइलही नाही. काल पहाटे चार वाजता गाडी पहिल्या सेल्फला चालू झाली. आज ती भरून साताऱ्याला गेली आहे.